बारमाही चारा : गवताशेजारी द्विदल टिकतं का? कोणत्या जमिनीत कोणती जोडी लावावी?

बोरीकाठ (पारोळा)

राम राम मंडळी. बारमाही चाऱ्याबद्दल इथं तुकड्यातुकड्यानं बरंच बोलणं होतं, म्हणून एकाच ठिकाणी नीट चर्चा व्हावी यासाठी हा धागा काढतोय.

आमच्याकडे चार संकरित गायी, एक म्हैस आणि आठ शेळ्या. वावर सात एकर. त्यातलं पाच एकर मध्यम काळं, उरलेलं दोन एकर टेकडीकडे चढत जाणारं मुरमाड. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत बरं पाणी असतं, पुढे मोटर दोन-अडीच तासच चालते. आजोबांच्या काळी निम्म्या वावरात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, असायची आणि खळ्यावर कडब्याच्या गंज्या उभ्या राहायच्या. आता गावभर कपाशी आणि मका. मक्याचा चारा दोन महिने पुरतो, हरभऱ्याचं कुटार महिनाभर. बाकी वर्ष विकतच्या चाऱ्यावर आणि ढेपेवर.

पंधरा गुंठे नेपिअर गवत आहे. त्यानं जनावराचं पोट भरतं, पण ढेप जरा कमी केली की दूध लगेच उतरतं. द्विदल म्हणजे शेंगवर्गीय चारा जोडीला असला तर ढेपेचा काही भार हलका होतो हे पटतं, पण दर हंगामाला चवळी, मका, बरसीम पेरत बसायला घरात माणसं नाहीत. एकदा लावून चार-पाच वर्षं कापता येईल असं गवत आणि द्विदल सोबत घ्यायचं आहे.

विचारायचं एवढंच. काळ्या जमिनीत कोणती जोडी आणि मुरमाड तुकड्यात कोणती? दोन्ही बी एकत्र फेकायचं की वेगवेगळ्या ओळी? आणि जनावरांना द्यायला सुरुवात करताना काय सांभाळायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा.

कापूसपट्टा (चोपडा)

दादा, जुनं नेपिअर काढा आणि सुपर नेपिअर लावा. लोक सांगतात त्यात सोळा-अठरा टक्के प्रथिनं असतात. मग द्विदलाचा खटाटोप कशाला?

गोमाईकाठ (शहादा)

भाऊ, सुपर नेपिअर म्हणजे थायलंडचं पाकचाँग. वाढीला जोरदार आहे, त्यात शंका नाही. पण नेपिअर कोणतंही असो, त्यातली प्रथिनं वाणापेक्षा कापणीच्या वयावर आणि खतावर जास्त ठरतात. कोवळं, खत खाल्लेलं आणि पानगर्द असताना तपासलं तर आकडा मोठा येतो. तेच गवत डोक्याच्या वर जाऊन दांडा कडक झाला की प्रथिनं झपाट्यानं घसरतात. शेतकऱ्याच्या हाती सरासरीनं कोरड्या वजनाच्या आठ-दहा टक्के आली तरी चांगलं म्हणायचं. ही उणीव द्विदलानंच भरून निघते.

आता बोरीकाठ दादांच्या प्रश्नाकडे. मिश्र चारा म्हणजे दोन बियाणी एका वाफ्यात फेकणं असं धरून चाललं की पहिल्याच पावसाळ्यात गवत द्विदलाला गिळून टाकतं. उष्ण प्रदेशातली ही गवतं उन्हात फार वेगानं वाढतात आणि आपल्या खानदेशात उन्हाला तोटा नाही. द्विदलाची सुरुवात मात्र संथ असते, आधी मूळ खाली जातं आणि मग पाला धरतो. म्हणून जोडी जमवताना तीन गोष्टी जुळतात का ते पाहायचं : दोघांची उंची, दोघांची कापणीची वेळ आणि दोघांची पाण्याची भूक.

काळ्या बागायती जमिनीत नेपिअरसोबत माझी पहिली पसंती दशरथ घासाला आहे. काही ठिकाणी याला हेज लुसर्न म्हणतात. दिसायला लहान सुबाभळीसारखं झुडूप, पण सुबाभळीतला मायमोसिन नावाचा त्रासदायक घटक यात नाही. तीन ओळी नेपिअर, एक ओळ दशरथ ही रचना तामिळनाडू कृषी विद्यापीठानं त्यांच्या को-4 या संकरित नेपिअरसोबत शिफारस केलेली आहे आणि ती आपल्याकडेही बसते. दशरथ उभं वाढतं, त्यामुळे नेपिअरच्या सावलीत दबून मरत नाही. पहिली कापणी तीन महिन्यांनी, जमिनीपासून दीड-दोन फूट खोड ठेवून. पुढे साधारण चाळीस दिवसांनी. नेपिअरचीही पहिली कापणी साठ-सत्तर दिवसांनी आणि पुढे पंचेचाळीस दिवसांच्या आसपास येते, म्हणजे दोघांचं वेळापत्रक एकमेकांना धरून चालतं. एकाच फेरीत भारा बांधा, दोन्ही एकत्र कुट्टीत घाला, जनावराला निवडून खायला वाव राहत नाही.

लसूणघास हवं असेल तर ते नेपिअरच्या दाट ओळींत घालू नका. जोडओळ करा. दोन ओळी जवळ, मग पाच-सहा फुटांचा पट्टा मोकळा, पुन्हा दोन ओळी. त्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसूणघास पेरा. यामागचं कारण आपल्या हवामानात आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री थंडी चांगली पडते आणि नेपिअर जवळजवळ बसून राहतं. नेमकं तेव्हा लसूणघास जोमात असतं. गवत थांबलं की द्विदल धावतं आणि उन्हाळ्यात उलट. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेनं नेपिअरच्या ओळींमध्ये उन्हाळा-खरिपात चवळी आणि रब्बीत बरसीम घेण्याची पद्धत बसवली, तिचं तत्त्वही हेच. आपण बरसीमच्या जागी लसूणघास धरलं की दरवर्षीची पेरणी वाचते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा बहुवर्षायू वाण आहे, नीट सांभाळला तर तीन-चार वर्षं चालतो. नेपिअरमध्ये त्यांचाच फुले जयवंत आहे.

एकच अट. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत लसूणघास टिकत नाही, पावसाळ्यात मुळं कुजतात. उतार असेल, निचरा असेल तिथंच.

आहिरानी_माणूस (अमळनेर)

मना अनुभव सांगस भाऊ. नेपिअरमा लसूणघास दोन पावसाळा बी टिकत नही. आमच्या बांधाला लागून पाहुण्यांनी हौसेनं लावलं होतं. पहिल्या हिवाळ्यात हिरवंगार, दुसऱ्या वर्षी शोधावं लागत होतं. शेवटी सगळं नेपिअरच उरलं. मग एवढा खर्च करून उपयोग काय?

गोमाईकाठ (शहादा)

दादा, तुमचं निरीक्षण खरं आहे आणि हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. द्विदल गायब होतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातून.

पहिलं कारण युरिया. दर कापणीनंतर आपण मूठ मूठ युरिया फेकतो. नेपिअर नत्राचं भुकेलं, ते उसळी मारतं. द्विदलाला त्या नत्राची गरज नसते, उलट आयतं नत्र मिळालं की त्याच्या मुळांवरच्या गाठी काम कमी करतात. म्हणजे एका फेकीत आपण गवताला बळ देतो आणि द्विदलाची स्वतःची ताकद काढून घेतो. मिश्र वाफ्यात युरिया अगदी बेतानं, तोही गवताच्या बुंध्याशी. द्विदलाच्या ओळीला स्फुरद द्या, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट आणि चांगलं कुजलेलं शेणखत. मुळांच्या वाढीला आणि गाठींना स्फुरदच लागतं.

गाठी काम करतात का ते वावरातच कळतं. एखादं रोप मातीसकट अलगद उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर ती हवेतलं नत्र धरते आहे. पांढरट किंवा हिरवट असली तर जिवाणू कामावर नाहीत. लसूणघासाला स्वतःचं वेगळं रायझोबियम, म्हणजे गाठी करणारे जिवाणू, लागतात. ज्या वावरात ते पूर्वी कधी नव्हतं तिथं बियाण्याला लसूणघासाचंच जिवाणू संवर्धन चोळायला हवं, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट चालत नाही.

दुसरं कारण कापणीची उंची. मजूर विळा जमिनीलगत फिरवतो, नेपिअरला ते सोसतं. दशरथ किंवा स्टायलो (मुरमाड जमिनीत चालणारा द्विदल चारा) तसं कापलं तर फुटवे येणारे डोळेच निघून जातात. लसूणघासाचे फुटवे मात्र जमिनीलगतच्या गड्ड्यातून येतात, ते तीन बोटं ठेवून कापलं तरी चालतं. म्हणजे एकाच वाफ्यात दोन उंचीच्या कापण्या. हे कापणाऱ्याला पहिल्याच दिवशी हातात विळा देऊन दाखवायचं.

तिसरं कारण उशीर. पावसाळ्यात चारा मुबलक असतो म्हणून नेपिअर सत्तर-ऐंशी दिवस उभं राहू दिलं जातं. तेवढ्या अंधारात खालचं द्विदल उपाशी मरतं. पावसाळ्यात उलट लवकर कापायला हवं. जास्तीचं गवत मुरघासात, म्हणजे हवाबंद दाबून साठवायच्या चाऱ्यात, घाला, पण द्विदलाच्या डोक्यावर ऊन पडू द्या.

आणि एक गैरसमज. द्विदल लावलं म्हणजे शेजारच्या गवताला लगेच नत्र मिळायला लागतं असं नाही. ते आधी स्वतःपुरतं कमावतं. गवताला वाटा मिळतो तो पडलेल्या पानांतून, जुन्या मुळ्या-गाठी कुजल्यावर आणि जनावरानं खाऊन टाकलेल्या शेणमुतातून. म्हणून गोठ्यातलं शेणखत त्याच वाफ्यात परत गेलं पाहिजे. ते कपाशीला टाकलं आणि चाऱ्याला युरिया, तर तीन वर्षांत चाऱ्याचं वावर थकतं.

जनावरांचा_डॉक्टर (धुळे)

चर्चा चांगली चालली आहे. गोठ्याच्या बाजूनं काही गोष्टी लिहितो, कारण चारा उत्तम असूनही देण्याच्या पद्धतीमुळे जनावर गमावलेले लोक मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत.

कोवळं, दवानं भिजलेलं लसूणघास उपाशी गायीला भरपूर घातलं की फेसाळ पोटफुगी होते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वायू फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी कूस ढोलासारखी फुगते. म्हणून सकाळी आधी कडबा किंवा सुकं गवत, मग लसूणघास. कापून चार-सहा तास सुकू द्यावं, नेपिअरच्या कुट्टीत मिसळावं आणि नवीन जनावराला आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावं. फुलोरा नुकताच सुरू झालेलं लसूणघास कोवळ्यापेक्षा सुरक्षित. फुगलंच तर जनावर बसू देऊ नका, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. घाईनं तेल पाजताना ते फुप्फुसात जाऊन जनावर दगावतं, तेव्हा डॉक्टर सांगतील तसंच पाजा. दशरथ आणि स्टायलोमध्ये पोटफुगीचा हा धोका नाही, हा त्यांचा मोठा गुण.

सुबाभूळ बांधावर अनेकांकडे आहे. ती वाईट नाही, फक्त एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. तिच्यातल्या मायमोसिनमुळे केस गळणं, लाळ, गलगंड, वजन घटणं असे त्रास होतात. काही देशांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात हा घटक मोडणारे जिवाणू सापडले. हवाईतल्या शेळ्यांमधले असे जिवाणू पुढे ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले गेले आणि तिथं सुबाभूळ निर्धोक झाली. आपल्या गोठ्यातल्या जनावराच्या पोटात ते आहेत की नाहीत हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मर्यादा पाळावी. घोडा-गाढवाला सुबाभूळ देऊच नये.

नेपिअरबद्दलही लोक दुर्लक्ष करतात. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून टाकतं. गाय महिनोन्महिने फक्त नेपिअरवर असेल आणि दुधाळ असेल तर हाडं आणि दूध दोन्ही बाजूंनी ओढ पडते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणूनही ही जोडी चांगली. शिवाय खनिज मिश्रण रोज चालू ठेवा. पावसाचा ताण बसलेलं, वर भरपूर युरिया खाल्लेलं नेपिअर पाऊस पडल्यावर लगेच कापू नका, त्यात जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट साठलेलं असतं. ज्वारीच्या खोडव्याला किराळ लागते, म्हणजे त्याच्या कोवळ्या फुटीतल्या विषानं जनावर दगावतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि आपण काळजी घेतो. तीच काळजी इथंही घ्या.

माळरान (साक्री)

बोरीकाठ दादा, तुमच्या मुरमाड दोन एकरांबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या बचत गटाच्या बहुतेक बायांकडे शेळ्या आहेत आणि वावर म्हणजे बरड. विहीर नाही. आमचा सगळा चारा पावसावर.

तिथं नेपिअरचा विचार सोडा. तिथं जोडी एकच, अंजन गवत आणि स्टायलो. अंजन कमी पावसात, उथळ मुरमात, मे महिन्याच्या उन्हात बुंधा जिवंत ठेवतं आणि पहिल्या सरीला फुटतं. स्टायलोचं मूळ खोल जातं, गवत पिवळं पडल्यावरही ते दिवाळीपुढे बराच काळ हिरवं राहतं. उंचीला दोघं जवळपास सारखी, म्हणून एकमेकांना दाबत नाहीत. स्टायलोत दोन प्रकार आमच्याकडे चालतात. हमाटा आपलं बी आपणच पाडून पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. स्कॅब्रा झुडपासारखा, खोडानं टणक आणि जास्त वर्षं टिकणारा.

पेरणी मृगाचा पाऊस नीट झाल्यावर. अंजनाचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्यानं उडतं. ते ओल्या माती-शेणात कालवून छोट्या गोळ्या करून टाकायचं किंवा ओलसर वाळूत मिसळायचं. ताजं बी उगवत नाही, सहा-आठ महिने मुरलेलं घ्यायचं. दीड-दीड फुटावर अंजनाच्या ओळी आणि मधल्या जागेत स्टायलो. बी खोल गाडायचं नाही, झाडाच्या फांदीनं वरवर माती ओढली तरी पुरे. ज्यांच्याकडे जुन्या अंजनाचे ठोंब आहेत त्यांनी ठोंब लावले तर वर्ष वाचतं.

पहिलं वर्ष धीर धरायचं वर्ष. स्टायलो इतका बारीक दिसतो की लोक त्याला तण समजून निंदून टाकतात. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद. एकदा निंदणी, बी पडून गेल्यावर उशिरा एक कापणी, बस. दुसऱ्या पावसाळ्यात वावराचं रूप बदलतं.

चराईबंदी हा शब्द सोपा आहे, पाळणं कठीण. धुळे तालुक्यातल्या लामकानी गावानं उजाड गायरानावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून गवत परत आणलं, ते जाऊन पाहण्यासारखं आहे. आमच्या तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैतराम पवारांच्या पुढाकारानं जंगल राखलं, त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी सगळं गाव एका निर्णयावर टिकलं म्हणून हे झालं. आणि बंदी करताना ठेलारी बांधवांना विसरू नका. त्यांच्या मेंढ्या आपल्या वावरात बसतात म्हणून खत मिळतं. कोणता तुकडा कधीपर्यंत बंद आणि कोणता मोकळा हे त्यांच्याशी आधी बसून ठरवलं की भांडण होत नाही. आमच्या शिवारात कापणी झालेला तुकडा डिसेंबरनंतर त्यांना मोकळा असतो, दोघांचंही चालतं.

बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प लावा दादा. शेळ्यांना पाला मिळतो. गिरिपुष्पाचा वास जनावराला आधी आवडत नाही, पाला रात्रभर सुकवून दिला की हळूहळू सवय लागते.

बोरीकाठ (पारोळा)

ताई, हे नेमकं मला हवं होतं. मुरमाड तुकडा आजवर पडीकच धरला होता. आता काळ्या जमिनीचं गणित हवं आहे. पाच मोठ्या जनावरांना रोज किती आणि त्यासाठी किती गुंठे? आणि फेब्रुवारीनंतर पाणी घटतं त्याचं काय?

केळीपट्टा (रावेर)

मी हिशेब मांडून देतो, अंदाज मुद्दाम हात राखून धरले आहेत.

चारशे किलोच्या दुधाळ गायीला रोज दहा-बारा किलो कोरडं वजन पोटात जायला हवं. वीस किलो हिरव्या चाऱ्यातून साधारण चार किलो, चार-पाच किलो कडब्यातून चार किलो, बाकी खुराकातून. हिरव्या वीस किलोत चौदा किलो नेपिअर आणि सहा किलो लसूणघास किंवा दशरथ असं धरू. चौदा किलो नेपिअरमध्ये कोरडं वजन तीन किलोच्या आत, त्यात प्रथिनं अडीचशे ग्रॅमच्या आसपास. सहा किलो लसूणघासात कोरडं वजन जेमतेम सव्वा किलो, पण प्रथिनं तेवढीच, कारण त्यात ती वीस टक्क्यांच्या जवळ असतात. म्हणजे सहा किलो लसूणघास प्रथिनांच्या हिशेबानं सरकीच्या एक किलो ढेपेच्या तोलाचं. म्हणून गायीमागे किलोभर ढेप कमी करून पाहायला हरकत नाही, पण एकदम नको, आणि दूध व फॅट रोज लिहून ठेवा. ऊर्जेची गरज वेगळी असते, जास्त दुधाच्या गायीचा भरडा काढू नका.

आता जागा. नेपिअर हेक्टरी वर्षाला शंभर टन धरलं तर गुंठ्याला एक टन, म्हणजे रोजचं पावणेतीन किलो. पाच जनावरांना रोज सत्तर किलो, म्हणून सव्वीस गुंठे. द्विदल हेक्टरी साठ टनच धरलं तर गुंठ्याला रोजचं दीड किलोच्या थोडं वर. रोज तीस किलोसाठी अठरा-एकोणीस गुंठे. मिळून एकरापेक्षा चार-पाच गुंठे जास्त. तुमच्याकडे पंधरा गुंठे नेपिअर आहेच, त्यात अकरा गुंठ्यांची भर घाला. पूर्ण एकर एकाच दिवशी लावू नका. तुकडे पाडून पंधरवड्याच्या अंतरानं लावा, म्हणजे कापणीचं चक्र फिरतं राहतं आणि रोज योग्य वयाचा चारा हाती येतो.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे केळीच्या जुन्या ठिबक नळ्या नेपिअरच्या जोडओळीत टाकल्या आहेत, पाण्यात मोठी बचत होते. लसूणघासाला पसरट वाफा सोपा पडतो, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी. तुमच्या विहिरीची स्थिती पाहता मला वाटतं दशरथ जास्त धरा आणि लसूणघास पाच-सहा गुंठ्यांपुरतंच. दशरथ पाण्याचा ताण सोसतं, पानं गाळतं आणि पाणी मिळालं की पुन्हा फुटतं. एप्रिल-मेमध्ये नेपिअरही थोडं थांबू द्या. बुंधा जिवंत राहील एवढं पाणी पुरे. ते दोन महिने मुरघासावर काढायचे.

कापूसपट्टा (चोपडा)

मुरघास फक्त मक्याचंच होतं ना? नेपिअर आणि द्विदलाचं सडत नाही का?

केळीपट्टा (रावेर)

नेपिअरचं उत्तम होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जे जास्त येतं तेच घाला. कापून अर्धा-एक दिवस सुकवा, कारण पावसाळी नेपिअरमध्ये पाणी फार असतं आणि तसंच भरलं तर खालून काळं पाणी सुटतं. मूठ दाबून उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि हाताला पाणी लागलं नाही की ओल बरोबर. कुट्टी इंचाच्या आत-बाहेर, थर दाबून हवा काढायची, तोंड घट्ट बंद. पंचेचाळीस दिवसांनी उघडा.

द्विदलाचं एकट्याचं मुरघास करू नका. त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे आंबट होण्याऐवजी कुजकट वास येतो. नेपिअर किंवा मक्यात चौथा हिस्सा द्विदल मिसळलं तर चालतं. लसूणघास जास्त झालं तर सावलीत वाळवून ठेवा. उन्हात कडकडीत वाळवलं तर पानं गळून पडतात आणि सगळी किंमत पानांतच असते.

शेतकरीण_एरंडोल

माळरान ताई, आम्ही दशरथ आणि स्टायलो दोन्हीचं बी आणलं. वाफ्यात टाकलं तर शंभरात पाच-दहाच उगवलं. बी खराब होतं का?

माळरान (साक्री)

बी खराब असेलच असं नाही ताई. या दोन्हीचं आणि सुबाभळीचंही कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरत नाही. पाणी खूप गरम करा, पण उकळू नका. बोट घातलं तर चटका बसेल असं, ऐंशी अंशांच्या आसपास. चूल बंद करून बी त्यात चार-पाच मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात काढा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी फुगलेलं बी सावलीत जरा कोरडं करून रायझोबियम लावा. गरम पाण्याच्या आधी जिवाणू लावले तर ते मरतात. स्टायलोला चवळी गटाचं संवर्धन चालतं. उरलेलं बी पुढच्या वर्षी वापरा, कडक कवचाचं बी टिकतं.

एक सावधगिरी. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवलेलं बी शिजतं, मग उगवण शून्य.

बोरीकाठ (पारोळा)

सगळ्यांचं वाचून आराखडा असा केला आहे. मुरमाड दोन एकरांपैकी यंदा एकच एकर अंजन-स्टायलो, कुंपणाला शेवरी. काळ्या जमिनीत नेपिअरची वाढ जोडओळीनं, चौथी ओळ दशरथ, आणि उताराच्या बाजूला सहा गुंठे लसूणघास ऑक्टोबरात. लसूणघासाचं बी बाजारातून सुटं मिळतंय, स्वस्त आहे. घेऊ का?

गोमाईकाठ (शहादा)

सुटं बी घेऊ नका दादा. लसूणघासाचा सगळ्यात मोठा शत्रू अमरवेल, आणि ती बियाण्यातूनच येते. तिचं बी बारीक असतं, सुट्या मालात डोळ्याला कळत नाही. एकदा वावरात पडली की बी वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. पिवळ्या दोऱ्यांचं जाळं लसूणघासावर पसरतं आणि रस शोषून घेतं. प्रमाणित बियाणंच घ्या, पिशवीवरची खूणचिठ्ठी जपून ठेवा. कृषी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा, मागणी ऑगस्टमध्येच नोंदवली तर ऑक्टोबरात धावपळ होत नाही. हेक्टरी वीस-पंचवीस किलोचा हिशेब आहे, म्हणजे तुमच्या सहा गुंठ्यांना दीड किलो भरपूर.

तरीही एखादा पिवळा ठिपका दिसलाच, तर फुलं यायच्या आत तेवढा गोल लसूणघासासकट जमिनीलगत कापा, जागच्या जागी वाळवून जाळा. तो भारा गोठ्यात नेऊ नका. तिचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर सगळ्या वावरात पोचतं.